चहानंतर

शेवंताबाईंनी कपबशी पुढे केली आणि खासनीसांच्या कानातल्या इअरफोनमधून कंपनीची संगणक यंत्रणा हळूच बोलली, "चहा मिळाला. तक्रार मिटली, असं धरते."

विनायक खासनीस बस कंपनीचे तंत्रज्ञानप्रमुख. एकेकाळी त्यांच्या हाताखाली इंजिनिअरांची फौज होती. आता गाड्या, फेऱ्या, थांबे सगळं यंत्रणाच ठरवते. ज्यांचा थांबा बंद झाला त्यांच्या घरी जाऊन बसायचं, एवढंच काम त्यांच्याकडे उरलंय. ते 'मिटली नाही' म्हणाले, तरच थांबा परत सुरू होतो. लोक आधी तोंडसुख घेतात, मग निवतात, मग चहा टाकतात. शेकडो घरांतून यंत्रणा एवढं शिकली होती.

शेवंताबाईंनी तर आवाजही चढवला नव्हता. आत खाटेवर त्यांचे मालक पडून होते. त्यांना डायलिसिसला न्यायला, आता बंद झालेल्या थांब्यावरची सकाळची ती एकच बस होती.

"तुम्ही रागावला नाहीत?" खासनीसांनी विचारलं.

"रागावून काय करू? साखर कमी झाली का, बघा."

"मिटली ना?" कानात पुन्हा आवाज आला.

"नाही," खासनीस म्हणाले. "दारी आलेल्याला या बाई चहा देणारच. तो काही होकार नसतो."

यंत्रणेने विचारलं, "मग आधीच्या घरांचं काय? तिथेही चहाच होता."

खासनीसांनी कप खाली ठेवला.

"सगळे पत्ते परत काढ," ते म्हणाले. "या वेळी चहा झाल्यावरही बसेन."