कार्बोनची ऊब

सोमवारी सकाळी डोमितिलाची बोटं उघडली.

दोन महिने ती मुठीत वळून बसली होती. थंडीत समुद्रावरून दमट धुकं आलं की म्हातारीची हाडं धरायची, ती उन्हाळ्यापर्यंत सुटायची नाहीत. त्यावर या किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक असलेलं एकच औषध. बिनकेसाचं कुत्रं मांडीवर घ्यायचं आणि दुखरं अंग त्याच्या उघड्या कातडीला लावून बसायचं. त्याचं अंग गरम, ते दुखणं ओढून घेतं. डोमितिलाचा कार्बोन तसाच होता, काळाभोर, टाळूवर मोजून चार केस. सात वर्षं तो तिचे हात शेकत आला होता. यंदा मात्र त्याच्या उबेचा काही उपयोग होईना, आणि नेमकं यंदाच नातीचं लग्न निघालं.

लग्न शनिवारी होतं. नवरीच्या आजीनं विणलेली पडशी नवऱ्यामुलाच्या खांद्यावर पडल्याशिवाय वरात चर्चच्या पायऱ्या उतरत नाही, आणि पडशीवर दोघांची नावं विणलेली लागतात. "बाजारातून आणू या ना," असं मुलगी नेरी एकदा म्हणून बसली, तर म्हातारी दोन दिवस जेवली नाही. विकतची पडशी घालायची म्हणजे पोरीला आजीच नाही, असं गावभर सांगत सुटायचं की काय!

आणि सोमवारी कार्बोन मांडीवर आला तोच तव्यासारखा तापलेला. अर्ध्या तासात म्हातारीची करंगळीसुद्धा सरळ झाली. तिनं त्याचे पटापट मुके घेतले.

"बघ गं नेरी, माझा राजा कसा कामाला लागलाय!"

बोलता बोलता तिची बोटं सवयीनं त्याच्या कानामागे गेली. तिथं जरा थांबली. मग तिनं कुत्र्याला खाली ठेवलं, मागाचं एक टोक खांबाला बांधलं, दुसरं कमरेला, आणि विणायला बसली.

मंगळवारी नातीचं नाव पुरं झालं. मारिसेल. बुधवारी कार्बोननं माशाच्या डोक्याला तोंड लावलं नाही. एरवी या कुत्र्यानं मांजराच्या तोंडातून मासा पळवला असता. गुरुवारी नेरी अंगण झाडताना त्याच्याजवळ वाकली आणि वाकलेलीच राहिली. त्याच्या पोटावर सुई टोचल्यासारखे लाल ठिपके होते. केसाळ कुत्र्याचे लपले असते, याचं सगळं उघड्यावर.

"आई, याच्या पोटाला काय झालंय बघ."

"डास चावले असतील."

"तू एकदा हात तरी लाव. तोंड उघडून बघ ना नीट."

"मला काय दिसत नाही?" म्हातारी खेकसली. धागा तिच्या दातांत होता. "माझं दुखणं घेतलंय त्यानं. दोन महिन्यांचं दुखणं, जड जातंय बिचाऱ्याला. लग्न झालं की उन्हात पडेल आणि टाकून देईल."

"गरज सरायच्या आधीच वैद्य मरेल गं तुझा!"

"तोंड आवर, मेले. लग्नघर आहे."

नेरीनं पुन्हा झाडू उचलला. आईपुढे या घरात कुणाचं चाललं आहे? पण खरं सांगायचं तर म्हातारी घाबरली होती. रोज सकाळी ती कार्बोनला मांडीवर घ्यायची, हात शेकून घ्यायची आणि त्याच्या तोंडाकडे बघायची नाही. नवऱ्यामुलाचं नाव अजून अर्धंच झालं होतं. आणि नाव तरी किती लांबलचक, एस्तानिस्लाओ! सुटसुटीत नावाचा एकही मुलगा मिळाला नाही का या पोरीला?

शुक्रवारी दुपारी शेवटचं अक्षर झालं. म्हातारीनं पडशी मागावरून कापून काढली. ती कशी झाली हेही तिनं पाहिलं नाही.

"नेरी, गाडी बोलाव. आत्ताच्या आत्ता."

कार्बोनच्या नाकातून रक्त येत होतं. घोंगडीत गुंडाळून त्याला चिक्लायो शहरात नेलं. वाटभर म्हातारी त्याच्या कानात काहीतरी पुटपुटत होती. प्राण्यांच्या डॉक्टरनं त्याचा ओठ वर केला. हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. त्यानं घाईनं सुई भरली, पण ती टोचायच्या आधीच कार्बोनचा श्वास थांबला.

"गोचीड ताप," डॉक्टर हातमोजे काढत म्हणाला. तरुण पोरगा, दमलेला, जरा चिडलेलाही. "अंगात रक्तच उरलं नव्हतं. किती दिवस गरम लागत होतं?"

"सोमवारपासून," नेरी रडत म्हणाली. "आम्हाला वाटलं, या जातीचं अंग असतंच गरम."

"सोमवारी आणलं असतं तर गोळ्यांवर निभावलं असतं, ताई. कुठून आलात?" नेरीनं वस्तीचं नाव सांगितलं. डॉक्टर मान हलवायला लागला. "तिथूनच? अहो, तुमच्याकडे एक म्हातारी आहे. मी तिला पाहिलेलं नाही, पण लोक कुत्रं घेऊन येतात आणि सांगतात, आजीनं पाठवलंय. कानामागे बोट लावते, हिरड्या बघते, की झालं. गेल्या उन्हाळ्यात तिनं तीन कुत्री धाडली, तिन्ही वेळेत, तिन्ही जगली. मला रक्त तपासून कळतं ते तिला बोटानं कळतं. तिला का नाही दाखवलंत?"

नेरीचं रडणं थांबलं. तिनं आईकडे पाहिलं.

"तिला सोमवारीच कळलं होतं, डॉक्टर," डोमितिला म्हणाली.