विहिणीची साडी

औरंगपुऱ्यातल्या साडीच्या दुकानात बानाबाई तणतणत शिरली आणि काखेतली साडी तिनं गल्ल्यावर आपटली. लेकीच्या लग्नाचा बस्ता बांधताना ती इथंच गमतीत बोलून गेली होती, "विहिणीलाच द्यायचीय, लई भारी नको." दुकानाचे रील बनवणाऱ्या सोनियानं तेवढंच टिपून सगळीकडं फिरवलं. ते विहिणीच्या मोबाईलवर पोचलं, सारी भावकी तिला फिदीफिदी हसली. "ते आधी काढून टाक!" बानाबाई कडाडली. मालक दात काढत म्हणाला, "मावशी, तुमच्यामुळं दुकान चालतंय. ही पैठणी घ्या, फुकट." "चुलीत घाल तुझी पैठणी! विहिणीनं साडी तोंडावर फेकली, अन् साडीमागं माझी लेकबी माघारी धाडली." मालकानं मान खाली घातली. मोबाईल उगारलेली सोनिया तेवढी पुढं आली. "मावशी, आवाज नीट आला नाही. जरा इकडं बघून पुन्हा म्हणा."