शेवटचा रकाना

मोरा बंदरातल्या कोळणी सकाळच्या लाँचने मासळी विकायला मुंबईला गेल्या, की त्यांची पोरं धोंडूबाईच्या पडवीत. एकसष्ट साली पोरं सांभाळायलाही परवाना आला, आणि एका बाईकडे दहाच पोरं असा नियम. तिच्याकडे होती चौदा. तपासनीस साहेब गल्लीत शिरताना दिसले. पडवीसमोरच्या खाडीत, ओहोटीच्या चिखलात कलंडलेल्या होडीत तिने पेंगुळलेल्या चौघांना निजवलं आणि वर जाळं पांघरलं.

"दहाच ना, बाई?"

"दहाच हायेत, सायेब. देवाशप्पत."

साहेबांनी चहा घेतला, मग टाक बुडवून एकेक रकाना सावकाश भरत बसले. धोंडूबाईची नजर खाडीवरून हलेना. भरती लागली होती. आधी चिखल बुडाला, मग होडीचा तळ. तोंड उघडावं तर परवाना जाईल आणि चौदाही पोरं उघड्यावर पडतील. तिकडे कलंडलेली होडी सरळ झाली, डुलली आणि हळूच निघाली.

"एवढंच राहिलं," साहेब कागदावरून मान न उचलता म्हणाले. "खाडीचं पाणी मुलांपासून किती लांब?"