एकसष्टावी वही

शाळांमध्ये वाटायच्या वह्यांपैकी एकसष्टावीचं पान मी उलटलं. पेनाची शाई मागे उमटली होती, आधीच्या साठ वह्यांसारखीच. मानेला रग लागली होती. मी ‘नापास’चा शिक्का उचलला.

“मॅडम, ट्रक परत गेला की तालुक्यातली पोरं दिवाळीपर्यंत वह्यांविना,” लॅबमधले खरातकाका म्हणाले.

“तपासणी पेनानेच करायची असते, काका.”

त्यांनी कानावरची पेन्सिल पुढे केली. “पहिली-दुसरीतली पोरं पेनानं कुठं लिहितात?”

मी पेन्सिलीने पानभर लिहिलं. मागे काहीच उमटलं नाही. मग एकाच ओळीवर दहादा खोडरबर घासला. पान फाटलं नाही.

अहवालात लिहिलं: शाईसाठी नापास, पेन्सिलीसाठी पास. पहिली-दुसरीला द्याव्यात.

“झकास!” काका हसले. “आमची नात मात्र चौथीत आहे हं.”

चौथीला चालेल अशी एखादी निघते का बघायला बासष्टावी वही उघडून मी पुन्हा पेनच उचललं.