गॉडफ्रेचा उपास

सगळं वटार गाव ईस्टरची वाट बघत होतं आणि गॉडफ्रेला मात्र तो यायलाच नको होता. ईस्टर आला की उपास संपणार. उपास संपला की एलिसाला सांगायचं काय?

बिचाऱ्याची अडचण अशी, की लग्नाचं पहिलं वर्ष मजेत गेलं आणि पुढं अंगातला जोरच गेला. बायको जवळ आली की मन हो म्हणायचं, शरीर मात्र ढिम्म. दोन-तीनदा फजिती झाली. मग तो दमलोय म्हणू लागला, डोकं दुखतंय म्हणू लागला. कारणं संपत आली तेवढ्यात राखेचा बुधवार आला. ईस्टरआधीचा प्रायश्चित्तकाळ सुरू झाला आणि स्वारीला पळवाट सापडली. त्या दिवसांत गावात जो तो काही ना काही सोडतो. कुणी मटण, कुणी दारू. गॉडफ्रेने दोन्ही सोडलं. वर दिवा मालवून, भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "एलिसा, ईस्टरपर्यंत मी ते पण सोडलंय."

एलिसा पाठ फिरवून झोपली. त्याची आई मात्र चर्चच्या आवारात सांगत सुटली, "आमचा गॉडफ्रे अगदी संत झालाय हो!" तिला फक्त मटण आणि दारूचं माहीत होतं.

हा संत रोज संध्याकाळी, कामावरून सुटला की, गोखिवऱ्याच्या आपल्या कारखान्यामागे मित्रांबरोबर गांजा ओढत होता. तोही सोडावा, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. झाडाचा पाला, त्याने कसला उपास मोडतोय!

ईस्टर अगदी तोंडावर आला तेव्हा तो माणिकपूरच्या एका डॉक्टरांकडे गेला. खाली मान घालून एकदाचं सगळं सांगितलं.

"दारू?" डॉक्टरांनी विचारलं.

"सोडली. उपास आहे ना."

"जेवता काय?"

"मटण बंद आहे. म्हणून दुपारी शेझवान राईस, संध्याकाळी वडापाव. कोल्ड्रिंक असतंच. घरी भूकच लागत नाही."

"सिगारेट?"

"छे, छे! फक्त गांजा. रोज थोडा."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अहो, काय सोडलंत आणि काय धरून बसलात! रोजच्या गांजाने असं होऊ शकतं. सगळ्यांना होतंच असं नाही, पण तुमचं त्यानेच बिघडलं असेल. वर हे तेलकट खाणं. साखर आणि ब्लडप्रेशर तपासून घेऊ. गांजा बंद करा, घरची भाजी-मासळी खा, रोज चाला. वेळ लागेल, पण घाबरू नका, यातून बरेच जण बरे होतात. आणि बायकोला खरं सांगा."

"तेवढं सोडून काहीही सांगा हो डॉक्टर."

"तेवढंच आधी करा."

गॉडफ्रे रिक्षात बसला तेव्हा त्याला रडू येत होतं, पण छातीवरचं ओझं उतरलं होतं. आपल्याला हसलं नाही कुणी. देव त्या डॉक्टरांचं भलं करो, असं तो मनात म्हणत राहिला.

घरी आला तर एलिसा पलंगावर बॅग भरत होती. तिचे डोळे सुजले होते.

"ईस्टरला चर्चमधली मिस्सा झाली की मी नंदाखालला मम्मीकडे जाते," ती म्हणाली. "कायमची."

गॉडफ्रे दारातच उभा राहिला आणि घडाघडा बोलून गेला. फजिती, खोटा उपास, कारखान्यामागचा गांजा, डॉक्टर, काही ठेवलं नाही. "मला लाज वाटत होती गं. तुझी शपथ, आजपासून बंद. पण तू जाऊ नकोस."

एलिसाच्या हातातला ड्रेस तसाच राहिला.

"म्हणजे... बाई नाही कुणी?"

"बाई? कुठली बाई?"

"मी फादरना विचारलं होतं. ते म्हणाले, असा उपास नवरा-बायकोने दोघांनी मिळून ठरवायचा असतो, एकट्याने नाही. तेव्हाच कळलं, तू खोटं बोलतोयस. मला वाटलं, तुला मी नकोशी झाले. दुसरी कुणीतरी भेटली."

"वेडी आहेस का? तुझ्याशिवाय मला कोण आहे?"

ती मटकन पलंगावर बसली. आधी हुंदका आला, मग हसू फुटलं, मग दोन्ही एकदमच. भिंतीवरच्या अल्तारातल्या येशूकडे बघून तिने हात जोडले आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडली,

"देवा, तुझे लाख लाख उपकार! माझा नवरा गांजेकस निघाला!"