कमरेइतकं पाणी

खरी ख्रिस्ती मंडळी पहिल्या शतकानंतर जगातून नाहीशी झाली आणि एकोणीसशे वर्षांनी पुन्हा उभी राहिली, ती बारामतीत, मोटार रिवाइंडिंगच्या दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. रविवारी अकरा जण जमत. लग्नसराईत सात.

दुकान यशराजचं, शेडही त्याचीच. मंडळीत पाळक नव्हता, सगळे बंधू. पण किल्ली यशराजकडे असल्यामुळे जो तो त्यालाच विचारी. नव्या करारात पेटीचा उल्लेख नाही, म्हणून गाणी पेटीशिवाय. पंख्याचाही उल्लेख नाही, पण मार्चनंतर तो विषय कोणी काढत नसे. बाप्तिस्मा मात्र लिहिलाय तसाच: जाणत्या माणसाचा, आणि पूर्ण बुडवून.

इथे आबासाहेब अडकले होते.

आबासाहेब कळसचे, डाळिंबवाले, वय बासष्ट. घराणं तीन पिढ्यांचं ख्रिस्ती, पण दुसऱ्या मंडळीतलं, शिंपडणारं. दिवाळीनंतर ते एकाएकी येऊन मागच्या खुर्चीवर बसू लागले, आणि प्रार्थना संपली की प्रश्न विचारू लागले.

"तीन म्हैन्याचा असताना माझ्यावर पाणी शिंपडलंय. ते धरत न्हाय?"

"नाही, आबा. लेकराला पापच नसतं. मग धुवायचं काय?"

"किती वर्सापातुर नसतं?"

"कळतं होईपर्यंत."

"मंजी पाणी न्हाय लागलं तरी ते देवाचंच?"

"देवाचंच."

"लिवलंय?"

"लिहिलंय."

पुढच्या रविवारी हेच. त्याच्या पुढच्याही. वय झालं म्हणून यशराजने सोडून दिलं. बाकीचे प्रश्न निदान नवे असत. पायाचा अंगठा पाण्याबाहेर राहिला तर? पुन्हा बुडवायचं. बनियन चालेल? चालेल. खाली किती वेळ?

"दोन सेकंद."

"दोनच?"

"घाबरता कशाला? मी धरलेलं असतं."

"व्हय," आबा म्हणाले. "धरलेलं आसलं की झालं."

तारीख तीनदा ठरली, तीनदा मोडली. जानेवारीत थंडी, फेब्रुवारीत फवारणी, मार्चमध्ये "पाणी लई हाय." कारण आबांची एक अट होती: बुडायचं तर स्वतःच्या शेततळ्यात. मंडळीने खास बाप्तिस्म्यासाठी घेतलेली निळी टाकी शेडमागे रिकामी पडून होती, पण आबा तिच्याकडे बघायलाही तयार नव्हते. आबा पाण्याला भितात, हे एव्हाना अकराही जणांना कळलं होतं.

मे महिन्यात फोन आला. "पाणी कमरेइतकं आलंय. या."

यशराज सकाळी सातला कळसला पोचला. अंगणात लहान मुलीची गुलाबी सायकल आडवी पडली होती. गाडी लावायला त्याने ती उचलून भिंतीशी ठेवली.

"व्हती तितंच ठिवा," आबांची बायको फुलाबाई दारातून म्हणाली. "प्रगतीची हाय."

त्याने सायकल होती तशी आडवी ठेवली आणि गाडी रस्त्यावर लावली.

"नात का, काकू? उठली नाही वाटतं अजून."

फुलाबाई चहा ठेवायला आत गेली. चहा दिल्यावर ती ओट्यावर बसली, तळ्याकडे पाठ करून.

"काकू नाराज आहेत का?" यशराजने वाटेत विचारलं.

"न्हाय. तिला उनाचा तरास हुतो."

ऊन अजून बांधावरही आलं नव्हतं.

तळ्याभोवती पुरुषभर उंचीचं कुंपण होतं, नवंकोरं, त्याला कुलूप. चारी बाजूंनी आत दोर सोडलेले, दोरांना रिकामे कॅन बांधलेले, आणि एक लोखंडी शिडी.

"एवढा बंदोबस्त?"

"आजकाल पानी चोरत्यात लोकं," शेजारचा लियाकत घाईने म्हणाला. तो ट्रॅक्टरची ट्यूब फुगवून घेऊन आला होता. "आबा, अजून सांगतो. बारामतीच्या टाकीत बुडा की. पानी सगळीकडं सारखंच."

"हितंच," आबा म्हणाले.

यशराज हसला. "एवढीच भीती वाटत असेल तर पोरं पोहायला शिकताना बांधतात तसा डबा बांधू का पाठीला?"

लियाकत ट्यूबचा वॉल्व्ह तपासू लागला.

"डबा आणायचा हुता," आबा म्हणाले. "इंदापूरच्या बाजारातनं. दोनदा सांगितलं हुतं मला. ऱ्हाऊन गेलं."

ते शिडीने खाली उतरले. न थांबता, न घाबरता, जिना उतरावा तसे. घसरला तो यशराज. तळ्यात अंथरलेल्या प्लास्टिकच्या कागदावर त्याचा पाय सटकला आणि आबांनीच त्याला दंडाला धरून उभं केलं.

"इथे बरंय," यशराज म्हणाला.

"न्हाय. त्या कोपऱ्याला."

"आबा, पाणी तेच आहे."

"त्या कोपऱ्याला."

कोपऱ्यात तळ खोल होता, पाणी छातीला आलं. यशराजने एक हात आबांच्या पाठीला लावला, दुसऱ्या हातात नाकावर धरायचा रुमाल घेतला आणि विचारायचं ते विचारलं. आबांनी प्रत्येकाला "व्हय" म्हटलं. काठावर लियाकतने तोंड फिरवलं.

"तयार?"

"येक इचारू, बंधू?"

यशराजने सुस्कारा सोडला. अंगठा झाला होता, बनियन झाली होती, दोन सेकंद झाले होते. "विचारा."

"डोळं उघडं ठिवलं तर चालंल का? प्रगतीला हितनं वर काय दिसत हुतं, तेवढं बघू द्या."