काठोकाठ

“अगं, चहा केलास की धुणं उकळलंस?” बिबीनूर आपांनी चहाची वाटी खाली आदळली. “महिनाभर हेच चाललंय. माहेरी काही शिकवलंच नाही वाटतं.”

नवी सून आक्माराल समोवारपाशी खाली मान घालून बसली होती. तो तिने सकाळीच राखेने घासला होता. नखांत अजून काळं होतं.

रोज चहाला येणाऱ्या शेजारघरच्या झान्दोसने हातातला बाउर्साक, तळलेल्या पिठाचा गोळा, परत ताटलीत ठेवला. सिरदर्या नदीच्या काठी जलशुद्धीकरण केंद्रावर ओझोनचं यंत्र त्याच्याकडे असे. नदीच्या पाण्यात आधी ओझोन सोडायचा, म्हणजे शेवाळाचा वास मरतो. मग गाळायचं आणि शेवटी क्लोरीन. यंत्राची हवा कोरडी ठेवणारे दाणे बदलायचा त्याने महिन्यापूर्वी कंटाळा केला. ओल शिरली, नळ्या जळाल्या. साहेबांना कळू नये म्हणून त्याने पाणी तसंच पुढे सोडलं आणि वास झाकायला क्लोरीन वाढवलं. वास झाकला गेला नाहीच, उलट दुप्पट झाला.

“पाणी चोख आहे असं तूच म्हणालास ना, झान्दोस?” आपा म्हणाल्या. “मग राहिलं काय? हिचे हात.”

आक्मारालने त्याची वाटी घेतली, किटलीतून तळाशी घोटभर चहा ओतला आणि दोन्ही हातांनी पुढे केली. त्यांच्या रीतीत मानाच्या पाहुण्याला चहा असाच द्यायचा, थोडा थोडा, पुन्हा पुन्हा. काठोकाठ वाटी म्हणजे आता उठा. एवढं ऐकून घेऊनही पोरगी त्याचा मान राखत होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“आपा, सुनेला बोलू नका. यंत्र माझ्यामुळे बंद पडलंय. पाण्यालाच वास आहे.”

आपा त्याच्याकडे वळल्या.

“म्हणजे रोज इथे बसून ऐकत होतास.”

“हो.”

“आणि मी हिच्या आईचा उद्धार करत होते.”

“उद्या साहेबांना सगळं सांगतो, आपा.”

“साहेबांना तू बघ.” आपांनी सुनेच्या हातातून किटली काढून घेतली. ती गोंधळून उठायला लागली तशी तिला दंडाला धरून बसवलं. तिच्या वाटीत घोटभर चहा ओतला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला.

मग त्यांनी झान्दोसची वाटी ओढली आणि भरली, अगदी काठोकाठ.

चहा कढत होता. त्याने फुंकर न घालता सगळा संपवला.